टोमॅटोचा टोटल लॉस

२१ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. विषय एकच, टोमॅटो. रक्तदाब, गुडघा, बायकोची मतं वगैरे फालतू गोष्टींना इथे थारा नाही.

पुढे मलाच संदर्भ लागला तर असावा म्हणून: सासऱ्यांनी अंगणाचं घर सोडून मेहुण्याच्या फ्लॅटमध्ये मुक्काम हलवला, तेव्हा टोमॅटोच्या बियांच्या तीन पुड्या बायकोच्या हातात दिल्या. तिच्या हातातून त्या मी घेतल्या. असली कामं विश्वासू माणसाकडे असावीत. एका पुडीवर लिहिलं होतं 'मोठा', दुसरीवर 'लांबट', तिसरीवर 'हिचा'. सगळं बी पेरून टाकलं. थोडं राखून ठेवायचं का, असं बायको म्हणाली होती. राखून ठेवणं म्हणजे स्वतःवर अविश्वास.

आता गच्चीवरच्या कुंड्यांत फळं धरली आहेत. हिरवीगार. प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची काडी, तीवर जातीचं नाव. माझी पद्धतच तशी.

'हिचा' ही जात इंटरनेटवर सापडली नाही. उच्चारावरून जपानी वाटते.

२२ सप्टेंबर

'हिचा' जपानी नाही.

बायको म्हणाली, अहो, हिचा म्हणजे आईचा. सासऱ्यांनी सासूबाईंना जन्मात नावाने हाक मारली नाही, 'ही' म्हणायचे. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, पुडीवर अजून 'ही'च. ते बी त्या दर हंगामाला स्वतः धरून ठेवायच्या. आता जे काही आहे ते आमच्या गच्चीवर. बायकोने रिकामी पुडी मागून घेतली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली. रिकामी पुडी कशाला हवी, असं विचारणार होतो. चेहरा बघून विचारलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना जात जपानी असल्याचं कालच सांगून बसलोय. राहू दे. त्यांना कुठे कळतंय.

२६ सप्टेंबर

पाइपने पाणी घातलं. काड्यांवरची शाई धुऊन गेली. पाइपचं प्रेशर फार आहे, सोसायटीला कळवायला हवं.

बायको म्हणाली, आता कुठलं झाड कुठलं ते कसं कळणार? मी हसलो. बत्तीस वर्षं विमा कंपनीत सर्व्हेयर होतो मी. जळकं गोदाम, नाल्यात उलटलेला ट्रक, उंदरांनी पोखरलेली पोती, एका नजरेत सांगायचो खरं किती आणि बनाव किती. मला टोमॅटो ओळखायला काडी लागते?

ती म्हणाली, त्या ट्रकवर 'ट्रक' असं लिहायची गरज नसायची म्हणून.

बायकोसारखा हॉस्पिटलच्या एक्स-रे डिपार्टमेंटमध्ये जन्म काढला की माणसाला समोरच्याच्या आरपार बघायची सवय लागते. घरात त्याचा त्रास होतो.

२७ सप्टेंबर

ओळख परेड पूर्ण.

लांबट ते लांबट. हे कोणीही सांगेल. खरी गंमत उरलेल्या दोघांत. दोन्ही थोराड, दोन्ही चपटे, दोन्ही हिरवे. एकाची पाठ गुळगुळीत, दुसऱ्याला देठापाशी चुण्या आहेत, खांदे रुंद आहेत, आणि कुंडीत असा बसलाय की जणू आपण उठून त्याला खुर्ची द्यावी. भारदस्त. किंचित नाराज. हाच सासूबाईंचा. शंकाच नको.

गुळगुळीत तो 'मोठा'. किरकोळ माल.

बायकोला निष्कर्षाची कारणं सांगितली. 'किंचित नाराज' तिला आवडलं नाही. स्वतःही किंचित नाराज झाली. तिचे खांदे बघून माझी खात्री आणखी पक्की झाली, पण बोललो नाही.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. त्या बियाण्याबद्दल काहीतरी सांगायला लागले. मी म्हटलं, बाबा, तुम्ही निर्धास्त राहा, मला सगळं ठाऊक आहे. ते म्हणाले, बरं. मग मेहुण्याच्या घरातल्या लिफ्टविषयी बोलले. दोन नोव्हेंबरला येणार आहेत आमच्याकडे. म्हणाले, एकदा हिचा टोमॅटो खायचाय. आणि पुढच्या साली पेरायला चमचाभर बी.

म्हटलं, चमचा कसला, वाटी देतो.

१ ऑक्टोबर

वकीलबाईंनी त्यांच्या बाल्कनीतलं एक फळ ओळखायला बोलावलं. माझं नाव होत चाललंय. फळ पाहिलं, हातात तोललं, आणि सांगितलं की ही टोमॅटोची हृदयाच्या आकाराची परदेशी जात आहे, सहसा कोणाकडे येत नाही, जपा.

ढोबळी मिरची निघाली.

लहान असताना दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय बाल्कनीत उजेड कमी होता.

९ ऑक्टोबर

बातम्यांत थंडीच्या लाटेचा इशारा! पारा एकदम खाली येणार. वकीलबाई झाडांवर जुन्या चादरी टाकत होत्या. चादरी! मी मनात म्हटलं, बाई, हे काही तापाचे पेशंट नाहीत.

मी निर्णय घेतला. सगळी फळं तोडली. शेंगदाण्याएवढी होती तीसुद्धा. आता घरात पिकवणार. टोमॅटो तोडल्यावरही पिकतो, त्याला ऊन लागत नाही, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. मला दुपारी कळलं.

बायको ड्यूटीवर होती. तिला सरप्राइज.

१० ऑक्टोबर

लख्ख ऊन पडलंय. लोक हाफ शर्टमध्ये फिरतायत.

बायको गच्चीवर जाऊन आली. हात धुताना नळ जरा जास्त वेळ सोडला.

१२ ऑक्टोबर

पाहुण्यांच्या खोलीत पिकवण केंद्र सुरू. पलंगावर वर्तमानपत्रं, त्यावर टोमॅटो एकेक सुटा, एकाला दुसरा न लागता. उरलेले बुटांच्या खोक्यांत, त्यांत एकेक पिकलं केळं. केळ्यातून एक वायू निघतो, त्याने टोमॅटोला पिकायची बुद्धी होते. रोज प्रत्येक फळ उलटसुलट करून तपासायचं. लाल ते बाहेर, डागाळलं तेही बाहेर. हे इंटरनेटवरचं. माझी सुधारणा: रोज तपासायची गरज नाही. सारखं बघत राहिलं की कोणीही पिकत नाही.

खोक्यांवर या वेळी नावं लिहिली आहेत. चुण्यांवाले: 'सासूबाई'. गुळगुळीत: 'किरकोळ'.

बायकोने 'सासूबाई' लिहिलेलं खोकं पाहिलं. ते बुटांचं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता सासूबाई बिस्किटांच्या डब्यात.

१४ ऑक्टोबर

खोक्यांतली केळी मी खाल्ली. नाश्ता उशिरा मिळाला, माझा इलाज नव्हता. नवीन आणली.

१५ ऑक्टोबर

तीही.

१७ ऑक्टोबर

प्रगती मंद. सासूबाई हिरव्याच. खोलीत गारवा आहे, त्यामुळे टोमॅटो आळसावले असणार. वकीलबाईंच्या चादरीखालचे लाल व्हायला लागलेत. झाडावर पिकणं हे काही कौतुकाचं नाही, झाडच सगळं करतं.

उद्यापासून हीटर.

२० ऑक्टोबर

क्रांती! हीटर, बंद खिडक्या, दाराखाली टॉवेल. खोलीत आत गेलं की चष्म्यावर वाफ धरते. आणि आज चुण्यांवाले टोमॅटो चक्क पिवळे! भोपळ्यासारखे केशरी-पिवळे! म्हणजे सासूबाईंची जात दुर्मिळ सुवर्ण जात निघाली. मला पहिल्यापासून संशय होताच.

बायको म्हणाली, आईचा टोमॅटो पिवळा नव्हता.

मी विचारलं, मग कसा होता?

ती दारात थांबली. म्हणाली, खरंच आठवत नाही, आम्ही लहानपणी ताटातलं ताटात खायचो, चिरलेला, मीठ लावलेला, रंग कोण बघतंय. वास आठवतो. पानाचा. मग ती गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. झाडं अजून उभी आहेत. नुसती पानं.

लहानपणच्या आठवणींवर विसंबून शास्त्र चालत नाही. सुवर्ण जात.

२१ ऑक्टोबर

बायकोने खोलीच्या दारावर तळवा ठेवला, आत गेली, हीटर बंद केला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. म्हणाली, माझे बाबा झोपणार आहेत इथे, त्यांना भाजायचं नाहीये.

प्रयोगात ढवळाढवळ. नोंद करून ठेवतो.

२५ ऑक्टोबर

सुवर्ण जात लाल झाली.

इंटरनेटवर म्हणतात की फार उकाड्यात टोमॅटोला लाल रंग धरत नाही, पिवळटच राहतो. इंटरनेटवर काहीही लिहितात. तरी आता लालच झालेत तर लाल. एकूण टोपलीभर. बायकोसमोर टोपली ठेवली आणि गप्प उभा राहिलो. अशा वेळी बोलू नये, कामाला बोलू द्यावं. मग न राहवून बोललोच थोडा वेळ.

बायको हसली. खरं हसली. एक उचलून नाकाशी नेला. मग हळूच टोपलीत ठेवला.

बाबांसाठी जपून ठेवायचे म्हणून सगळे फ्रिजमध्ये टाकले. फ्रिजने चव जाते असं कुठेतरी वाचलं होतं. पण आमचा फ्रिज चांगल्या कंपनीचा आहे.

२८ ऑक्टोबर

चिलटं. खोलीत, स्वयंपाकघरात, चहात. बायको म्हणते केळ्यांमुळे. मी म्हणतो हवामान.

किरकोळ मालाचं वागणं संशयास्पद. लांबट सगळे व्यवस्थित लाल झाले, सासूबाई लाल झाल्या, हे गुळगुळीत मात्र हिरवे ते हिरवेच. वर मऊ पडायला लागलेत. अंगठा आत जातो. बुडाशी जराशी पिवळट झाक, बस. न पिकता सडणारी जात प्रथमच पाहिली.

बायकोने विचारलं, एखादा चिरून बघू या का? मी म्हटलं, अगं, सडका माल चिरायचा नसतो. ती म्हणाली, एक्स-रे काढून आणू का मग? हे विनोदाने होतं.

३१ ऑक्टोबर

बाबा परवा येणार. पाहुण्यांची खोली रिकामी केली.

'किरकोळ' खोक्यांची रीतसर पाहणी केली. मऊ, हिरवे, दोन-चार फुटलेले. नोकरीत असतो तर एका ओळीचा रिपोर्ट दिला असता: टोटल लॉस. एकही वाचवण्याजोगा नाही. सगळा लॉट खाली वकीलबाईंच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये ओतला. त्या म्हणाल्या, अहो, यातले काही चांगले दिसतायत की. मी म्हटलं, बाई, माझा हा व्यवसाय होता.

ढोबळी मिरचीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

२ नोव्हेंबर

बाबा आले. बारीक झालेत. जिना चढताना मध्ये थांबले आणि भिंतीचा रंग बघत असल्यासारखं केलं. बायकोच्या ते लक्षात आलं. तीही भिंत बघत उभी राहिली.

जेवण बेताचंच. मेहुण्याकडेही फारसं जात नाही म्हणे. मला विचारलं, जावईबापू, आला का हिचा टोमॅटो? म्हटलं, उद्या दुपारी, बाबा. समारंभपूर्वक.

३ नोव्हेंबर, सकाळ

भाषणाचे मुद्दे: १. ओळखीचं शास्त्र. २. थंडीच्या लाटेतलं प्रसंगावधान. ३. सासूबाई (थोडक्यात).

३ नोव्हेंबर, दुपार

काही लिहायचं नाही.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

लिहून टाकतो.

पांढऱ्या बशीत चुण्यांवाल्याच्या गोल चकत्या, वर मीठ. भाषणाचा पहिला मुद्दा झाला. बाबांनी चकती तोंडात टाकली आणि चावत राहिले. फ्रिजमधली, तेव्हा ओल्या पुठ्ठ्यासारखी लागत असणार, पण ते भले गृहस्थ. छान आहे, म्हणाले. मग बशीकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाले, आणि हिचा?

म्हटलं, बाबा, हाच तो.

त्यांनी बशी जरा पुढे सरकवली. म्हणाले, "जावईबापू, हा मोठा. हिचा पिकला तरी हिरवाच असतो. लाल होतच नाही. अंगठ्याने दाबून बघायची ती, मऊ लागला की पिकला. म्हणून तर शेजारपाजारचं कोणी चोरायचं नाही." आणि हसले. "मी फोनवर तेच सांगत होतो, पण तुम्ही म्हणालात सगळं ठाऊक आहे."

बायको माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "सगळे टाकले?"

माझ्याकडे तीन कारणं तयार होती. ती तिथेच सोडली.

जिने उतरून वकीलबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दिलेली वस्तू अशी परत मागता येत नाही. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, एका अटीवर, माझ्या बाल्कनीतली ती काय होती ते माझ्यासमोर म्हणा. म्हटलं, ढोबळी मिरची. म्हणाल्या, जरा मोठ्याने. मोठ्याने म्हटलं. वरच्या मजल्यावरचं कोणीतरी खिडकीत आलं. मग त्यांनी ड्रमचं झाकण उघडलं आणि स्वतःच फावडं आणून दिलं.

मी खांद्यापर्यंत ड्रममध्ये असताना मागे पावलं वाजली. बाबा. जिने उतरून आलेले, बाह्या वर केलेल्या. मागे बायको, हॉस्पिटलचे हातमोजे घेऊन. मला एक जोडी दिली. म्हणजे संबंध पूर्ण तुटलेले नाहीत.

बाबांनी मोजे घातले नाहीत. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, कोबीची पानं यांतून ते एकेक हिरवं काहीतरी काढत होते, अंगठ्याने दाबत होते, बाजूला ठेवत होते. बहुतेकांचा लगदा झाला होता. मी एक काढून दिला. म्हणाले, ही काकडी आहे. मी परत आत वाकलो.

शेवटी पाच-सहा धड निघाले. त्यांतला एक बाबांनी नळाखाली धरला, सदऱ्याला पुसला आणि बायको 'बाबा, नको' म्हणेपर्यंत दाताने फोडला. रस हनुवटीवरून ओघळला. डोळे मिटून चावत होते. आम्ही तिघं उभे, वकीलबाईसुद्धा.

"आंबटढाण," ते म्हणाले. "पहिल्यापासून आंबटच. मला कधी आवडलाच नाही. तिला सांगायचा धीर झाला नाही."

आणि सबंध खाल्ला. देठापर्यंत.

बायको हसायला लागली. हसता हसता तिने तोंड बाबांच्या खांद्यात लपवलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. बाबा तिच्या पाठीवर थोपटत होते, हाताला लागलेल्या घाणीसकट. मी ड्रम ढवळत राहिलो. ढवळायला बरंच होतं.

४ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. एका अर्थी टोमॅटो ड्रममध्ये ठेवण्याचा निर्णय बरोबरच ठरला. तिथे ऊब होती, अंधार होता. घरात राहिले असते तर माझ्या हातून फ्रिजमध्ये गेले असते. बायकोला हे समजावणार होतो. ती दात घासत होती. तिने आरशातून पाहिलं. बेत पुढे ढकलला.

७ नोव्हेंबर

ओट्यावर एक घाणेरडा ग्लास. तळाशी गाळ, वर पांढरा फेस, वास. घरात कोणी काही बघत नाही. म्हटलं, निदान भांडी तरी आपण करावीत, वातावरण निवळेल. ग्लास नळाखाली तिरपा केला.

बायको एवढ्या मोठ्याने ओरडते हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

सासूबाईंचं बी होतं. पाण्यात आंबवत ठेवलेलं. त्याने बियांवरची बुळबुळीत साल सुटते म्हणे. बाबांनी ग्लास माझ्या हातातून काढून घेतला. दोन-चार बिया मोरीत गेल्या, बाकी वाचल्या. मला हॉलमध्ये बसायला सांगण्यात आलं. बसलो.

बाबांनी नंतर चहा आणून दिला. म्हणाले, मीसुद्धा एकदा फेकला होता असाच, हिने आठवडाभर अबोला धरला. बरं वाटलं. मग म्हणाले, पण मी नवीन होतो तेव्हा.

११ नोव्हेंबर

बी वाळलं. बाबांनी कागदावरून नखाने एकेक सोडवलं. दोन पुड्या बांधल्या. दोन्हींवर बायकोने लिहिलं: 'आईचा. पिकला तरी हिरवा. दाबून बघणे.' अक्षर मोठं, ठळक, माझ्यासाठी असल्यासारखं.

एक पुडी बाबा घेऊन गेले. जाताना त्यांचं जेवण जरा सुधारलं होतं. मेहुण्याच्या बाल्कनीत कुंडी ठेवणार आहेत. ऊन कुठून येतं ते बसून बघणार आहेत म्हणाले.

दुसऱ्या पुडीसाठी मी कपाटातला कप्पा रिकामा केला होता. बायको म्हणाली, ठेवलीये. कुठे? वकीलबाईंकडे. तिजोरी आहे त्यांच्याकडे. मी म्हटलं, अगं, आपल्या घरात मी असताना... तिने वाक्य पूर्ण व्हायची वाट पाहिली. मी ते केलं नाही.

१५ नोव्हेंबर

आता पुढच्या हंगामाची आखणी. बायकोला कामाची वाटणी विचारली. पेरणी ती करणार. ओळख, तोडणी, पिकवणं, बी धरणं, सगळं ती. पाणी मी. पाइपने नाही, झारीने.

झारी हे महत्त्वाचं उपकरण आहे.

१८ नोव्हेंबर

घरात खाण्याजोगे टोमॅटो नाहीत. लांबट संपले, फ्रिजमधले कोणी खाईना. बायकोने कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे पाठवलं.

तिने विचारलं, कच्चे देऊ का पिकलेले?

मी थोडा वेळ टोपलीकडे पाहिलं. म्हटलं, तुम्हीच बघून द्या.